आभाळवाल्यांचे पैसे

१४ जानेवारी

धाकट्या,

माझा फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता मला कुणी फितूर होऊन दिलेला नाही. आपल्या होडीच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या कमाईतला तुझा वाटा दर तिमाहीला मीच तुझ्या खात्यावर पाठवते आणि त्याचं कराचं प्रमाणपत्र याच पत्त्यावर जातं. घर बदललंस तेव्हा नवा पत्ताही तू ऑफिसच्या मेलवर कळवलास, वर 'संबंधित विभागास' असं लिहून. संबंधित विभाग म्हणजे मी. अजूनही मीच, आणि एकटीच.

तू आणि तुझे भावोजी ज्यावरून भांडलात ते उकरायला हे पत्र नाही. कंपनी तुम्ही दोघांनी काढलीत, त्यांनी तुला न विचारता प्रकाशकाशी करार केला, तू दार आपटून गेलास. तीन वर्षं झाली. कोण बरोबर होतं हे मला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं, आता मी आपणहून सांगत नाही.

लिहितेय ते आभाळवाल्यांसाठी. तूच शोधून आणलेला माणूस. आपल्या खेळात होडीच्या डोक्यावर जे जे आभाळ येतं ते सगळं त्यांनी रंगवलेलं, आणि लोक खेळ विकत घेतात ते निम्मे त्या आभाळासाठी, हे तूच सगळ्यांना सांगत फिरायचास. त्यांच्या देशात लढाई सुरू झाली हे तुला मी काय सांगणार, तू राहतोस त्या देशाच्या तर ती शेजारीच आहे.

लढाई सुरू झाली आणि आपल्या बँकेनं त्या देशातल्या सगळ्या बँकांना पैसे पाठवणं बंद केलं. आभाळवाल्यांचं मानधन परत आलं. मी पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आलं, वर दोन्ही वेळचं शुल्क बँकेनं कापून घेतलं. तुला आठवत असेल आपलं कसं चालतं: खेळ जगभर विकायचं काम ऑनलाइन दुकानाचं. ते स्वतःची दलाली आणि त्या त्या देशाचा कर कापून महिन्यातून एकदा आपल्या परकीय चलनाच्या खात्यावर पैसे टाकतं, आणि त्यातून मी बाहेरच्या लोकांना देते. संगीतवाल्याचे जातात, भाषांतरवाल्यांचे जातात. ज्याला खरी गरज आहे त्याचेच तेवढे जात नाहीत.

आणि तो माणूस अजून काम पाठवतोय. त्यांना आपली भाषा येत नाही, मला त्यांची. ते यंत्रातून भाषांतर करून लिहितात. मला 'खजिन्याच्या सन्माननीय राणीसाहेब' म्हणतात. मी एकदा ऑफिसात वाचून दाखवलं तेव्हापासून पोरं मला राणीसाहेबच म्हणायला लागलीत, चहाचं बिल पुढे करताना तर हमखास. परवा त्यांनी लिहिलं, 'आज वीज नव्हती म्हणून ढग उशिरा पोचतील, क्षमा असावी.' मी ते कुणाला वाचून दाखवलं नाही.

त्यांच्यापाशी एक नात आहे, नऊ वर्षांची. आई कधीच गेली, बाप लढाईवर, त्याची खबर नाही. तिचं नाव यंत्राला कळत नाही, ते दर वेळी त्याचं 'चिमणी' करतं. मग मीही चिमणीच म्हणते.

तिकडे कुणाला ओळखतोस का, पैसे आत पोचवणाऱ्या एखाद्या खात्रीच्या संस्थेला? एवढंच विचारायचं होतं. जेवतोस ना नीट?

ताई


५ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

मधल्या काळात मी बँकेत खेटे घातले. परदेशी व्यवहाराच्या खिडकीवर एक तरुण बाई आहे, बोलायला गोड, नियमाला पक्की. मी म्हटलं, त्यांच्यापाशी लहान नात आहे, पैसे अडले तर चालणार नाही; त्यांची भाची तिसऱ्याच देशात आहे, तिच्या खात्यावर पाठवते. ती म्हणाली, करार ज्याच्या नावानं त्याच्याच खात्यावर पैसे, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी म्हटलं, त्यानं लेखी दिलं तर? ती म्हणाली, तरी नाही. पळवाट निघू नये म्हणूनच तो नियम आहे. बरोबरच आहे तिचं. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, पैसे त्याच्या नावावर बाजूला काढून ठेव, रस्ता उघडला की पाठवू, पळून चाललेत का कुठे? मग म्हणाले की पुढच्या भागाची आभाळं आता चित्रं काढणाऱ्या यंत्राकडून करून घेऊ. आपल्या पोरांनी नमुन्याला एक करून दाखवलं. पडद्यावर लावलं, सगळे उभे राहून बघत होते. वाईट नव्हतं. मग सगळे आपापल्या खुर्चीवर जाऊन बसले.

काल आभाळवाल्यांचा मेल आला. त्यांच्या इमारतीतल्या बायका पोरांना घेऊन बाहेर पडतायत. तुझ्या बाजूच्या सीमेवरच्या गावात एक गाडीवाला आहे, तो रिकामी गाडी घेऊन आत जातो आणि माणसं भरून आणतो. पण त्याला पैसे आधी, आणि सीमेच्या अलीकडच्या बाजूलाच, रोख. आत काही नेणार नाही म्हणतो, नाक्यावर काढून घेतात. आभाळवाल्यांना स्वतःला निघता येत नाही, साठीच्या आतल्या पुरुषांना सोडत नाहीत. ते अठ्ठावन्नचे आहेत. शेजारणीबरोबर चिमणीला पाठवायचं म्हणतात. शेजारणीची बहीण तुझ्या बाजूला राहते. त्यांनी लिहिलंय, 'राणीसाहेब, मला उपकार नको. केलेल्या ढगांचे द्या.'

आता मी काय मागतेय ते ओळखलं असशील. तू भागीदार आहेस. तुझ्या खात्यावर कंपनीकडून पैसे गेले तर कुणी भुवई वर करणार नाही. मी त्यांच्या मानधनाची रक्कम तुझ्याकडे पाठवते, तू ती काढ आणि गाडीवाल्याच्या हातात दे. बस, एवढंच. सीमा तुझ्यापासून सहा तासांवर आहे, मी नकाशात बघितलं.

गोल गोल बोलत नाही. मी फॉर्मवर 'भागीदाराचा नफ्यातला वाटा' असं लिहिणार आणि तो तुझा वाटा नसणार. याला खोटं म्हणतात. पकडले गेले तर नुसता दंड होऊन सुटणार नाही. यांना विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, आणि नाही म्हटल्यावर करणं मला जास्त जड जाईल.

तुला जमणार नसेल तर 'नाही' एवढंच कळव. कारण लिहू नकोस. पण कळव. गाडी बावीस तारखेला आत जाणार आहे.

ताई


१ मार्च

धाकट्या,

तीन वर्षांनी तुझा पहिला मेसेज आला आणि त्यात एकच शब्द, 'पाठव'. मी जिन्यात उभी होते. तिथेच पायरीवर बसले. झाडणाऱ्या बाईनं विचारलं, बरं नाही का. म्हटलं, बरं आहे, खूप बरं आहे.

परवा फोनवर तू सगळं इतकं भराभर सांगितलंस की मला पुन्हा जुळवावं लागलं. तू पेट्रोलपंपावर दोन दिवस गाडीत बसून काढलेस. गाडीवाल्यानं पैसे मोजले, खिशात घातले आणि तुझ्याकडे न बघता निघून गेला. तुला वाटलं, गेले पैसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच गाडी चिखलानं माखून परत आली आणि त्यातून बायका उतरतच राहिल्या. एवढी माणसं आत कशी मावली हे तुला कळेना. सगळ्यांच्या शेवटी एक पोरगी उतरली, तिच्या हातात एक चित्रांची गुंडाळी आणि कुणाचातरी मोठा कोट अंगावर.

आणि मग शेजारीण म्हणाली की बहिणीच्या एका खोलीत आधीच अकरा जण आहेत, हिला कुठे ठेवू. तू मला सांगितलंस, 'मग काय करणार, घेऊन आलो.' जणू काही दुकानातून पाव आणलास. धाकट्या, मला तुझं कौतुक करता येत नाही, केलं की तू चिडतोस. पण मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवत होते.

ती बोलत नाही म्हणालास. बोलेल. तिला एकदम प्रश्न विचारू नकोस. कपडे धुताना तिचा कोट धुवायला मागू नकोस, तो आजोबांचा आहे. रात्री दिवा चालू ठेव. अंडं उकडून देतोस म्हणालास, रोज अंडं काय, पोरीला जरा भात, सूप, काहीतरी कर. तुला येतं, मीच शिकवलंय.

आभाळवाल्यांना मी कळवलं. त्यांचं उत्तर आलं, 'आता मी हलका आहे. नवे ढग सोमवारी देईन.' खरंच दिले सोमवारी. यंत्राचं आभाळ काढून पोरांनी गुपचूप ते लावलं. यांनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

साठी पूर्ण झाली की त्यांना निघता येईल. दीडेक वर्ष काढायचंय.

ताई


३० मार्च

धाकट्या,

फोनवर बोलू नकोस, का ते खाली लिहिते. हे वाचून झालं की जाळ.

बँकेनं बोलावलं होतं. खिडकीवरचीच ती बाई होती, पण खिडकीवर नाही, आतल्या खोलीत, शेजारी एक साहेब आणि टेबलावर रेकॉर्डर. तिनं विचारलं, "हे पैसे तुमच्या भावाचे होते?"

मी म्हटलं, हो.

"मग तिमाही संपायच्या आत का गेले? आणि त्यांनी ते एका दिवसात, सीमेवरच्या गावात, सगळे रोख का काढले?"

मी म्हटलं, माणूस आपले पैसे कुठेही काढेल.

"काढेल. मग मी त्यांच्याकडच्या बँकेला कळवते, ते त्यांना विचारतील."

तुला विचारायला माणसं आली असती तर घरात चिमणी सापडली असती. तिचे कागद अजून झालेले नाहीत. मी सांगून टाकलं. पैसे आभाळवाल्यांचे, फॉर्म खोटा, सही माझी. चिमणीचं नाव काढलं नाही, आणि एक गोष्ट मी बदलली. मी म्हटलं, भावाला आधी काही माहीत नव्हतं. पैसे पोचल्यावर मी त्याला फोन करून सांगितलं की चुकून जास्त गेलेत, अमक्या माणसाला देऊन टाक. तुला कधी विचारलं तर हेच सांग. एक शब्द इकडचा तिकडे नको.

सगळं झाल्यावर साहेब कागद घेऊन बाहेर गेले. तिनं रेकॉर्डर बंद केला आणि विचारलं, "मुलगी पोचली का?"

मी म्हटलं, पोचली.

तिनं मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं.

त्या संध्याकाळी बँकेनं आपलं परकीय चलनाचं खातं गोठवलं. चार दिवसांनी दुकानाचे महिन्याचे पैसे आले आणि दारातूनच परत गेले. दुसऱ्या बँका नवं खातं उघडून देईनात, नावापुढे शेरा पडला की सगळ्यांना दिसतो. गेल्या महिन्यात खेळ कधी नव्हे इतका खपला आणि पगाराला पैसे नाहीत.

यांना मी बँकेतून आल्या आल्या सांगितलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीस जण आहेत आपल्याकडे. कुणाच्या घरी कोण आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"आहे."

"मग?"

"त्यांना दुसरीकडे काम मिळेल."

"मिळेल कदाचित. पण ते ठरवणारी तू कोण?"

  ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भांडं विसळून ठेवलं, दिवा मालवला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोपले.

ताई


२४ एप्रिल

धाकट्या,

ऑफिस बंद झालं. भाडं थकलं होतं, मालकानं मुदत दिली नाही. खुर्च्या विकल्या. खेळातल्या होडीचं प्रोग्रामिंग करणारा तो लांब केसांचा मुलगा, ज्याला तू पहिली नोकरी दिलीस, त्याला महिन्यापूर्वी बाळ झालं. तो किल्ल्या द्यायला आला, टेबलावर ठेवल्या, माझ्याकडे बघितलं नाही. मला राणीसाहेब म्हणायला सुरुवात त्यानंच केली होती. संगीतवाल्यानं मेल लिहून शिव्या घातल्या, त्याचेही पैसे अडकलेत. त्याच्या शिव्या मला परवडल्या.

यांनी चौकशीत लेखी दिलं की व्यवहार माझ्या एकटीच्या सहीचा, कंपनीला कल्पना नव्हती. खरं तेच लिहिलं. वकील म्हणतो, त्यामुळे कंपनी कदाचित वाचेल, मी नाही. हे सध्या त्यांच्या आईकडे राहतात. भांडण झालेलं नाही. भांडायलासुद्धा घरात दोन माणसं लागतात.

माझा फोन चौकशीवाल्यांकडे जमा आहे. आभाळवाले मेल करतात तो मी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर वाचते. ऑफिस बंद झाल्याचं त्यांना सांगितलेलं नाही. ते अजून ढग पाठवतात. मी 'मिळाले, सुंदर आहेत' असं लिहिते. लावायला पडदा उरलेला नाही हे कुठल्या शब्दात लिहू? आणि यंत्र त्याचं काय करेल कोण जाणे.

तुझं पत्र मिळालं. पान उलटून पाहिलं, खरंच चार पानं आहेत, माझ्यापेक्षा मोठं. ती आता बोलते, आणि बोलायला लागली तर थांबत नाही, हे वाचून मला एकटीला वाचनालयात हसू आलं. तुझी चप्पल वाकडी झिजते यावर ती हसते म्हणतोस. बरोबर हसते. लहानपणापासून तू तसाच चालतोस.

आजोबा कधी येणार म्हणून रोज विचारते, त्याला तू 'ढग संपले की' असं उत्तर देतोस. असं काही ठरवून सांगू नकोस रे तिला.

ताई


११ मे

धाकट्या,

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय, एकटा असताना उघड. पाकिटावर तसं लिहिलंय. उसन्या फोनवरून सांगता आलं असतं, पण ती शेजारी असेल आणि तुझा चेहरा बघेल. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

मागच्या गुरुवारी आभाळवाल्यांच्या पत्त्यावरून मेल आला, पण दुसऱ्याच कुणाचा. त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारे शिक्षक आहेत, त्यांनी लिहिला. यंत्रातून आला होता. 'आदरणीय बाई, तुमचा आभाळ करणारा मनुष्य मंगळवारी थांबला.' मला वाटलं, काम थांबवलं. वाटलं, त्यांना आपलं ऑफिस बंद झाल्याचं कुठूनतरी कळलं आणि वाईट वाटून त्यांनी हात आखडता घेतला. मी उलट लिहिलं, 'त्यांना सांगा, का थांबलात? काम मला हवं आहे.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. या वेळी शिक्षकांनी छोटी छोटी वाक्यं लिहिली होती, यंत्राला चुकता येऊ नये अशी. पाण्याची रांग होती. रांगेवर बॉम्ब पडला. सात माणसं मेली. तो मेला. शाळेच्या मैदानात पुरला. मी होतो.

माझा प्रश्न त्यांना वाचावा लागला, धाकट्या. का थांबलात म्हणून.

वाचनालयातल्या बाईनं मला पाणी आणून दिलं. मी घरी आले. दोन दिवस काही केलं नाही. मग उठून कामाला लागले, कारण कामं आहेत. त्यांचं राहिलेलं मानधन कंपनीच्या कागदांवर त्यांच्या नावानं पडून आहे. त्यावर वारस म्हणून चिमणीचं नाव लागतं का ते वकिलाला विचारलं. लागतं, पण तिच्या बापाचा ठावठिकाणा आधी शोधावा लागेल, आणि मृत्यूचा दाखला लागेल, आणि तो देणारं कार्यालय सध्या उभं नाही. मी शिक्षकांना लिहिलंय, सही करणारा कुणी सापडला तर घेऊन ठेवा. त्या पैशाला पोरीपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. पण मी सोडणार नाही. मला दुसरं येतं काय?

वकिलानं आणखी एक सांगितलं. देश सोडू नका असा हुकूम माझ्यावर निघणार आहे, बहुतेक पुढच्या आठवड्यात. अजून निघालेला नाही. मी बांगड्या विकल्या आणि रविवारचं तिकीट काढलं. पळून येत नाहीये, परतीचंही काढलंय. परत आले की जे व्हायचं ते होईल. यांना निरोप ठेवला. त्यांनी उलट निरोप पाठवला की तिकडे अजून थंडी असते, गरम कपडे ने.

मी येईपर्यंत चिमणीला काही सांगू नकोस. तुला जमणार नाही आणि जमावं असंही मला वाटत नाही. बाबा गेले तेव्हा तू तिच्याएवढाच होतास. तुला शाळेतून आणायला मलाच पाठवलं होतं. मी तुला फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि आधी डबा संपवायला लावला. तू कुरकुरत खाल्लास, शेवटचा घास मला दिलास. मग सांगितलं. त्यावरून तू माझ्यावर कितीतरी वर्षं राग धरलास, की बाबा गेलेले माहीत असून हिनं मला जेवायला लावलं. पण त्यानंतर तू दोन दिवस अन्नाला शिवला नाहीस. तू शिवणार नाहीस हे मला कट्ट्यावरच माहीत होतं.

मी रविवारी दुपारी पोचते. तिला स्टेशनवर आणू नकोस, घरीच राहा दोघं. मी चालत येईन, पत्ता मला पाठ आहे.

तोवर तिला पोटभर जेवायला घालून ठेव.

ताई